नागपूरच्या घरात छोटा बिटकॉइन मायनर: बांधणी, जोडणी आणि मे महिन्यात टिकेल असं ट्यूनिंग

गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या लोकांचे चार मायनर (बिटकॉइन मिळवण्यासाठी सतत आकडेमोड करणारी छोटी यंत्रं) माझ्या टेबलावर आले. एक जळालेला होता. दोन दुपारी बाराच्या पुढे बंद पडायचे. चौथा अगदी ठणठणीत चालत होता, पण त्याची कमाई ज्या बिटकॉइन पत्त्यावर जाणार होती तो पत्ता कुणाचा, हे मालकालाच सांगता येईना. सामान चौघांचंही चांगलं होतं. चुकला होता तो क्रम: आधी वीज लावली, मग यूट्यूब उघडलं, आणि बिटकॉइन ठेवायच्या वॉलेटचं नाव सगळ्यात शेवटी निघालं.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि त्याच क्रमाने करा. एका टप्प्याची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

इथे धरलेलं यंत्र म्हणजे बिटअ‍ॅक्स गामा. हा खुल्या आराखड्याचा बोर्ड आहे. त्यावर बीएम१३७० ही एक मायनिंग चिप आणि कारभार पाहणारा ईएसपी३२-एस३ हा छोटा कंट्रोलर असतो. चिप सोल्डर केलेला तयार बोर्ड घ्यायचा आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा), पंखा, वीज, वाय-फाय, पूल, ट्यूनिंग हे सगळं आपण करायचं, असं मी गृहीत धरलंय. चिप स्वतः सोल्डर करणं हे हॉट प्लेट आणि सूक्ष्मदर्शकाचं काम आहे. पहिल्या मायनरसाठी त्या वाटेला जाऊ नका.

## आधी हिशेब, मग खरेदी

हॅश म्हणजे मायनरने केलेला एक प्रयत्न, आणि टेराहॅश म्हणजे सेकंदाला असे लाख कोटी प्रयत्न. गामा साधारण १.२ टेराहॅश वेगाने चालतो असं धरू. साऱ्या जगाच्या नेटवर्कचा वेग १ झेटाहॅश, म्हणजे १०० कोटी टेराहॅश धरू. दिवसाला सुमारे १४४ ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) सापडतात. या आकड्यांनी आपल्याला ब्लॉक लागण्याची शक्यता रोज ५८ लाखांत एक येते. लागला तर ३.१२५ बिटकॉइन आणि त्या ब्लॉकमधल्या व्यवहारांचं शुल्क आपलं.

बक्षीस वाटून घेणाऱ्या पूलमध्ये (अनेक मायनर एकत्र जोडले जातात त्या सेवेत) गेलात तर याच आकड्यांनी रोजचे सुमारे ५४ सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) पदरात पडतात. बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरला तर ते होतात ४ रुपये ३२ पैसे. यंत्र भिंतीतून साधारण २० वॅट ओढतं, म्हणजे रोज ०.४८ युनिट, महिन्याला १४-१५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वीज रोज ४ रुपये ८० पैशांची. तुमचा खरा दर काढायचा असेल तर महावितरणच्या बिलात तुमचे शेवटचे युनिट कोणत्या स्लॅबमध्ये पडतात ते पाहा. हे १५ युनिट त्याच स्लॅबच्या दराने जाणार आहेत.

आपल्याकडे आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च खरेदी-किंमत म्हणून वजा करता येणार नाही, असं केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं होतं.

तेव्हा पैसे फिटतील म्हणून हे यंत्र घेऊ नका. बिटकॉइन आतून कसं चालतं ते हाताने शिकायला मिळतं, आणि ब्लॉक लागलाच तर तो थेट आपल्या पत्त्यावर येतो. एवढ्यासाठी घेणार असाल तर पुढे वाचा.

## टप्पा १: सामान

बोर्ड बाहेरून मागवावा लागतो. विकणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचारा: बोर्डाची आवृत्ती कोणती (गामावर ६०१, ६०२ असा आकडा छापलेला असतो), चिप बीएम१३७० हीच आहे का, आणि पाठवण्याआधी चालवून पाहिला का. आयात होत असेल तर सीमाशुल्क कोण भरणार, हेही तिथेच ठरवून घ्या.

बाकीचं सामान बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) मिळतं:

- ५ व्होल्ट, ६ अँपिअरचा अडॅप्टर, पिन ५.५ बाय २.१ मिलिमीटर, मधला भाग धन
- बोर्डाच्या छिद्रांत बसणारा हीटसिंक आणि ४० मिलिमीटरचा पंखा (बोर्डासोबत आला असेल तर उत्तम)
- थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंट न सोडणारं कापड
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- खोलीचं तापमान दाखवणारा थर्मामीटर

शेवटच्या दोन वस्तू लोक टाळतात. टाळू नका. सगळा लेख त्यांच्यावर उभा आहे.

पंखा वेगळा घेत असाल तर खोक्यावरचा व्होल्टेज वाचा. एकाच कंपनीचा, एकाच आकाराचा पंखा ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा दोन्ही रूपांत मिळतो. नॉक्टुआचा ४० मिलिमीटरचा पंखा याचं नेहमीचं उदाहरण. १२ व्होल्टचा पंखा या बोर्डावर जेमतेम फिरेल किंवा फिरणारच नाही. फिरतोय असं दिसलं तरी हवा पुरत नाही.

दुकानात कुणी जाळीच्या पत्र्याचा ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) स्वस्तात देईल. विजेचं काम येणाऱ्यासाठी तो चांगला आहे. पण त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर बंद खोक्याचा अडॅप्टरच घ्या.

## टप्पा २: वॉलेट आणि पत्ता

बोर्डाला वीज देण्याच्या आदल्या दिवशी हे उरकून टाका. मी हा टप्पा इतका वर आणलाय, कारण बोर्डाचे दिवे एकदा लागले की कुणाचंही लक्ष वॉलेटवर राहत नाही.

१. संगणकावर स्पॅरो किंवा मोबाइलवर ब्लूवॉलेट यांसारखं वॉलेट घ्या, ज्याच्या चाव्या तुमच्याच हातात राहतात. डाउनलोड त्यांच्या अधिकृत ठिकाणाहूनच करा.

२. नवं वॉलेट तयार करा आणि ते दाखवतं ते १२ किंवा २४ शब्द (वॉलेटची खरी चावी) कागदावर पेनाने लिहा. फोटो नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवणं नाही, ईमेलचा ड्राफ्ट नाही.

३. आता ते वॉलेट पुसून टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून परत उभं करा. तोच पहिला पत्ता दिसला तरच कागद खरा. आतमध्ये काहीच नसताना ही परीक्षा फुकट होते, नंतर ती महाग पडते.

४. बीसी१क्यू ने सुरू होणारा एक पत्ता काढा. तो ४२ अक्षरांचा असतो.

एक्स्चेंजचा (बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या कंपनीचा) पत्ता इथे देऊ नका. ब्लॉकचं बक्षीस हा साधा व्यवहार नसतो. पुढे १०० ब्लॉक होईपर्यंत, म्हणजे साधारण १६-१७ तास, ते खर्चता येत नाही. शिवाय एक्स्चेंज पत्ते बदलत राहतात. आयुष्यात एकदा लागला तर लागेल असा ब्लॉक दुसऱ्याच्या तिजोरीत कशाला पाठवायचा?

तपासणी: पत्ता कॉपी-पेस्ट केल्यावर पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं डोळ्यांनी जुळवा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात.

सावध: मायनरला फक्त पत्ता लागतो. १२ किंवा २४ शब्द कुठलंही यंत्र, पूल किंवा 'मदत करणारा' मागत असेल तर ती चोरी आहे.

## टप्पा ३: वीज मोजणं

माझ्याकडे आलेला जळका बोर्ड इथेच मेला होता. घरच्या राऊटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असतो, आणि त्याची पिन बहुतेक वेळा याच मापाची असते. अगदी सहज बसते. ५ व्होल्टच्या बोर्डाला १२ व्होल्ट गेले की परत आणायला काही उरत नाही.

१. अडॅप्टर फक्त भिंतीला लावा, बोर्डाला नाही. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेरच्या कड्यावर. ५.० ते ५.३ व्होल्ट दिसायला हवेत. आकड्याआधी वजाची खूण आली तर धन-ऋण उलटं आहे, तो अडॅप्टर बाजूला ठेवा.

२. पास झालेल्या अडॅप्टरच्या पिनेला आणि बोर्डाच्या जॅकला एकाच रंगाची चिकटपट्टी लावा. मी लाल लावतो. घरात दुसरं कुणी वायर काढून परत लावेल तेव्हा ती लाल पट्टीच बोर्ड वाचवेल.

३. मध्ये लांब, बारीक एक्स्टेंशन नको. बोर्ड सुमारे ३.५ अँपिअर ओढतो. वायरीचा रोध नुसता ०.१ ओहम असला तरी ०.३५ व्होल्ट वाटेतच जातात, आणि ५ चे ४.६५ होतात.

४. यूएसबी-सी पोर्ट फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) भरण्यासाठी आहे. मोबाइलचा चार्जर त्यात लावून मायनिंग होत नाही. स्क्रीन मात्र उजळते, आणि 'चालू आहे पण हॅश शून्य' अशी तक्रार तिथून सुरू होते.

घराचं अर्थिंग ठीक आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा पाहून घ्या. जूनच्या पहिल्या पावसात विजा कडाडतात तेव्हा चांगला स्पाइक गार्डही अर्थिंगशिवाय निकामी आहे.

## टप्पा ४: हीटसिंक आणि पंखा

सावध: हीटसिंक न बसवता 'फक्त चालतो का बघू' म्हणून सेकंदभरही वीज देऊ नका.

१. हातातली स्थिर वीज घालवण्यासाठी नळाला किंवा धातूच्या खिडकीला हात लावा. हिवाळ्यात लोकरी स्वेटर घालून हे काम करू नका.

२. चिपचा माथा आणि हीटसिंकचा तळ अल्कोहोलने पुसा. हीटसिंकखाली संरक्षक फिल्म चिकटवलेली असेल तर ती काढा. ही फिल्म राहून गेलेला मायनर मी स्वतः उघडलाय. दोन महिने तो तसाच तापत होता.

३. चिपवर पेस्टचा छोटा ठिपका, मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढा. जास्त लावल्याने चिप जास्त थंड होत नाही.

४. हीटसिंक सरळ वरून ठेवा, सरकवत आणू नका. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आळीपाळीने, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर हीटसिंक तिरका बसतो, आणि चिपच्या काठाला टवका उडू शकतो.

५. पंख्याची हवा हीटसिंकवर यायला हवी. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्या आणि स्टिकर असतं, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ती बाजू हीटसिंककडे. पंख्याचा प्लग खाचेप्रमाणेच बसतो, जोर लावू नका.

तपासणी: हीटसिंक दोन बोटांनी हलकेच हलवा. डुगडुगत असेल तर काढा, पेस्ट पुसा, नव्याने लावून बसवा. जुन्याच पेस्टवर परत दाबू नका, आत हवेचे बुडबुडे राहतात.

## टप्पा ५: जागा

नागपूरकरांनी हा टप्पा दोनदा वाचावा. परदेशी व्हिडिओत मायनर पुस्तकांच्या कपाटात शोभेला ठेवलेला दिसतो. तिथल्या खोलीत २२ अंश असतात.

गच्चीखालची खोली टाळा. मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत उष्णता खोलीत सोडत राहतो. दुमजली घर असेल तर खालच्या मजल्यावरची, पूर्वेची किंवा उत्तरेची खोली घ्या. टीव्हीचा बंद शोकेस, इन्व्हर्टरच्या बॅटरीवरची फळी, फ्रिजची मागची बाजू, राऊटरचा माथा या चारही जागा बाद.

कूलरबद्दल लोकांचा गोंधळ होतो. कूलरच्या खोलीत मायनर ठेवणं चांगलंच, खोली पाच-दहा अंशांनी खाली येते. पण कूलरच्या झोतात ठेवू नका. त्या हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात, आणि आपल्या बोअरचं पाणी जड आहे. कूलरच्या लाकडी भुशावर दोन महिन्यांत पांढरा थर जमतो, तोच बोर्डावर जमायला लागतो. कूलरच्या बाजूला, झोताबाहेर, कमरेएवढ्या उंचीवर ठेवा.

बोर्डाखाली स्टँड हवा, चारही बाजूंनी वीतभर मोकळी जागा हवी, आणि जवळ पडदा नको.

## टप्पा ६: पहिली सुरुवात आणि वाय-फाय

आता वीज द्या. पंखा लगेच फिरायला हवा. पाच सेकंदांत फिरला नाही तर वीज काढा आणि प्लग पाहा.

मायनर सुरुवातीला स्वतःचं वाय-फाय उभं करतो. नाव 'बिटअ‍ॅक्स' ने सुरू होतं आणि पुढे चार अक्षरं असतात. मोबाइल त्याला जोडा, मोबाइल डेटा बंद करा, आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ उघडा (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अंक). डेटा चालू राहिला तर फोन 'इथे इंटरनेट नाही' म्हणून हळूच सिमकडे वळतो आणि पान उघडत नाही. 'बोर्ड खराब आहे' म्हणून आलेल्या फोनांपैकी कितीतरी फोन एवढ्याचेच होते.

तिथे घरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड भरा. यंत्राला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. राऊटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने देत असेल आणि जोडणी होत नसेल, तर राऊटरमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं द्या. लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी हवीत, शेवटी रिकामी जागा राहू देऊ नका. सेव्ह करून रीस्टार्ट.

यंत्राच्या स्क्रीनवर आता घरच्या नेटवर्कमधला पत्ता दिसेल. तो ब्राउझरमध्ये उघडला की अ‍ॅक्सओएस हे नियंत्रण-पान येतं. राऊटरमध्ये हा पत्ता यंत्रासाठी राखून ठेवा, नाहीतर वीज गेली-आली की तो बदलतो आणि तुम्ही शोधत बसता.

सावध: अ‍ॅक्सओएसच्या पानाला पासवर्ड नसतो. ऑफिसमधून पाहता यावं म्हणून राऊटरवर पोर्ट उघडलंत तर जगातला कुणीही तुमचा पत्ता काढून स्वतःचा टाकू शकतो. पोर्ट उघडू नका. पाहुण्यांना घरच्याच वाय-फायचा पासवर्ड देत असाल तर त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क वेगळं करा.

## टप्पा ७: पूल

नव्या यंत्रात पूल आणि पत्ता आधीपासून भरलेला असतो. तो तुमचा नसतो. चौथ्या मायनरची गोष्ट हीच होती. यंत्र चालू, हॅश येतोय, मालक खूश, आणि पत्ता फर्मवेअरसोबत आलेला.

एकट्याने नशीब आजमावायचं असेल तर दोन पूल रुळलेले आहेत: सोलो डॉट सीकेपूल डॉट ऑर्ग, पोर्ट ३३३३, ब्लॉक लागला तर २ टक्के शुल्क, आणि पब्लिक-पूल डॉट आयओ, पोर्ट २१४९६, शुल्क नाही. थोडं-थोडं जमताना पाहायचं असेल तर वाटून घेणारा पूल निवडा, पण पैसे काढण्याची किमान रक्कम आधी वाचा. रोज ५४ सातोशीने तिथवर पोचायला किती महिने लागतील, हा भागाकार आधी करा. माझं मत विचाराल तर एवढ्या छोट्या यंत्राला सोलोच शोभतं.

भरायचे रकाने:

- होस्ट: फक्त नाव. पुढे 'स्ट्रॅटम-टीसीपी' वगैरे काही नाही, मागे पोर्ट नाही
- पोर्ट: वेगळ्या रकान्यात
- यूजर: तुमचा बिटकॉइन पत्ता, मग टिंब, मग यंत्राला दिलेलं नाव
- पासवर्ड: इंग्रजी एक्स हे एक अक्षर

खाली फॉलबॅक (पर्यायी) पूलची जागा असते. तिथे दुसरा पूल भरा, आणि तिथलाही यूजर बदला. वरचा पत्ता बदलून खालचा तसाच ठेवणारे पुष्कळ आहेत. मुख्य पूल बंद पडला की तेवढा वेळ त्यांची मेहनत परक्याच्या नावावर जमा होते.

तपासणी: सेव्ह, रीस्टार्ट, आणि मग पूलच्या पानावर जाऊन तुमचा पत्ता शोधा. काही मिनिटांत यंत्राचं नाव तिथे दिसायला हवं. अ‍ॅक्सओएस काय सांगतं त्यापेक्षा पूल काय सांगतो ते खरं.

## टप्पा ८: पहिले चोवीस तास

काही बदलू नका. गामा चिपची फ्रिक्वेन्सी ५२५ मेगाहर्ट्झ आणि चिपचा व्होल्टेज ११५० मिलिव्होल्ट असा येतो, तसाच चालू द्या आणि चार आकडे वहीत लिहा.

हॅशरेट: ५२५ मेगाहर्ट्झला सुमारे १.०७ टेराहॅश अपेक्षित. क्षणाचा आकडा ०.८ ते १.४ असा उड्या मारतो, त्याने घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. सरासरी पाहा.

येणारा व्होल्टेज: ४.८ च्या वर हवा. खाली असेल तर टप्पा ३ कडे परत जा. फ्रिक्वेन्सी वाढवून हे सुटत नाही.

तापमान दोन असतात. एक चिपचं, दुसरं व्होल्टेज रेग्युलेटरचं. लोक पहिलंच बघतात. दुसरं अनेकदा जास्त असतं आणि त्याच्यावर हीटसिंक नसतो, म्हणून पंख्याची थोडी हवा त्याच्याकडेही गेली पाहिजे.

नाकारलेले शेअर (शेअर म्हणजे पूलला पाठवलेला कामाचा पुरावा): एकूण शेअरच्या १ टक्क्याच्या आत हवेत. जास्त असतील तर बहुधा वाय-फाय कमकुवत आहे.

'बेस्ट डिफिकल्टी' (तुमच्या यंत्राला आजवर सापडलेला सर्वांत अवघड हॅश) वाढताना पाहून फार लोकांचा जीव खालीवर होतो. तिथे १ जी (१०० कोटी) दिसलं तर लक्षात ठेवा, नेटवर्कची काठिण्यपातळी १०० टी (टी म्हणजे लाख कोटी) च्या वर गेलेली आहे, म्हणजे तुमच्या १ जी च्या लाखपटीहून जास्त. आनंद जरूर माना, पण यूट्यूबवर 'अगदी जवळून हुकलं' असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मागच्या हॅशची पुण्याई पुढच्या हॅशला मिळत नाही.

## टप्पा ९: ट्यूनिंग, मे महिना डोळ्यांसमोर ठेवून

मी पहिला मायनर जानेवारीत ट्यून केला. पहाटे खोलीत १८ अंश, चिप ४९ वर. ६०० मेगाहर्ट्झ सहज पेलले, आणि मला वाटलं यात काही अवघड नाही. एप्रिलच्या शेवटी तो रोज दुपारी बंद पडू लागला. महिनाभर मी अडॅप्टरला, राऊटरला, पूलला दोष देत बसलो. दोष एकच होता: मी चिपचं तापमान वहीत लिहिलं होतं, खोलीचं नाही.

चिपचं तापमान एकटं काही सांगत नाही. चिप वजा खोली हा फरक मोजा. मी त्याला 'चढ' म्हणतो. पंख्याचा वेग आणि सेटिंग तेच असेल तर चढ जानेवारीत आणि मे महिन्यात जवळपास सारखाच राहतो. खोली बदलते.

मोजायची रीत:

१. पंखा ऑटोवरून काढून १०० टक्क्यांवर ठेवा. ऑटोमध्ये पंखा स्वतःचा वेग बदलून चढ लपवतो, आणि हिवाळ्यात तुम्हाला खोटं समाधान देतो.

२. थर्मामीटर मायनरपासून हातभर दूर, हवा आत ओढली जाते त्या बाजूला ठेवा.

३. अर्धा तास थांबा. चिप वजा खोली लिहा.

समजा ५२५ मेगाहर्ट्झ आणि ११५० मिलिव्होल्टला चिप ५८, खोली २५. चढ ३३. आता कूलर नसलेली वरची खोली मे महिन्यात संध्याकाळी ४३ अंश धरा: ४३ अधिक ३३ म्हणजे ७६. यंत्र ७५ ला स्वतःला वाचवण्यासाठी मायनिंग थांबवतं आणि फ्रिक्वेन्सी अगदी खाली आणून ठेवतं, मग आकडे तुम्हाला हाताने परत भरावे लागतात. कूलरच्या खोलीत ३३ अंश असतील तर तेच यंत्र ६६ वर चालत राहतं. माझी मर्यादा ६५ आहे, तेव्हा तिथेही मी एक पायरी खाली उतरेन.

उतरायचं किती? चिपची उष्णता ढोबळमानाने फ्रिक्वेन्सीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलते. त्यामुळे:

- ४९० मेगाहर्ट्झ, ११०० मिलिव्होल्ट: उष्णता सुमारे १५ टक्के कमी, चढ ३३ चा २८
- ४०० मेगाहर्ट्झ, १०६० मिलिव्होल्ट: उष्णता सुमारे ३५ टक्के कमी, चढ २१

४३ अंशांच्या खोलीतही शेवटच्या सेटिंगवर चिप ६४ वर राहते. हॅश एक चतुर्थांशाच्या आसपास कमी होतो, पण यंत्र दिवसभर चालतं. रोज दुपारभर बंद पडणाऱ्या यंत्रापेक्षा ते जास्त काम करतं.

नुसती फ्रिक्वेन्सी कमी करून व्होल्टेज तसाच ठेवणं ही इथली सर्रास होणारी चूक. वर्ग व्होल्टेजचा आहे, खरी उष्णता तिथे वाचते. उलट चूकही होते: व्होल्टेज फार खाली नेला की हॅशरेट अपेक्षेपेक्षा कमी येतो. फ्रिक्वेन्सीप्रमाणे जेवढा यायला हवा त्याच्या ९५ टक्क्यांखाली सरासरी गेली तर व्होल्टेज एक पायरी वर घ्या. एका वेळी एकच आकडा बदला आणि किमान तासभर थांबा.

वर चढायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही २५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी. होळी झाली की खाली या.

## टप्पा १०: फर्मवेअर

सगळं नीट चालत असेल तर नवी आवृत्ती आली म्हणून लगेच धावू नका. बदलायचंच असेल तर अ‍ॅक्सओएसच्या अपडेटमध्ये दोन फाइली जातात, एक मुख्य फर्मवेअरची आणि एक वेब-पानाची. दोन्ही एकाच आवृत्तीच्या हव्यात. एकच टाकली तर पान अर्धवट उघडतं, आणि लोक यंत्र मेलं समजतात.

यूएसबीने फॅक्टरी फाइल भरत असाल तर फाइलच्या नावातला आकडा आणि बोर्डावर छापलेला आकडा जुळला पाहिजे. ६०१ च्या बोर्डाला ६०१ चीच. या फाइलने सगळी सेटिंग पुसली जातात, म्हणजे टप्पा ७ परत, पत्त्याच्या तपासणीसकट.

वादळाची लक्षणं असताना, किंवा तुमच्या भागात दुपारी लाइन जाण्याची वेळ असते तेव्हा, अपडेट करू नका.

## वर्षभराची देखभाल

मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी वीज काढून मऊ ब्रशने हीटसिंकच्या पात्या झाडा. पंख्याचं पातं बोटाने अडवून मगच ब्रश फिरवा. झाडल्यावर चढ परत मोजा. आधीपेक्षा चार-पाच अंश जास्त आला आणि धूळही नसेल, तर पेस्ट वाळली आहे. टप्पा ४ परत करा.

नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ) दिवसांत गावाला जाणार असाल आणि घरात कूलर बंद असेल, तर मायनरही बंद करून जा. पंख्यानेच दगा दिला तर मागे पाहायला कुणी नसतं.

जोराच्या विजा सुरू झाल्या की भिंतीतून पिन काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लाइन आल्यावर मायनर राऊटरच्या आधी जागा होतो आणि थोडा वेळ वाय-फाय शोधत बसतो. पाच मिनिटं थांबा. तरी पूलच्या पानावर नाव दिसलं नाही तर एकदा वीज काढून लावा.

पाऊस लागल्यावर लगेच ५२५ वर परत जाऊ नका. पहिल्या सरीनंतर नागपूर पुन्हा तापतं. सलग आठवडाभर दुपारी खोलीचा थर्मामीटर ३२ च्या खाली राहिला की मग एक पायरी वर घ्या, अर्धा तास थांबा, आणि नवा चढ तारखेसकट वहीत लिहा.